लॉकमध्येच चालणारी गाडी

जूनमध्ये पहिले दोन मोठे पाऊस झाले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीजवळच्या पावस बाजूचे एक बागायतदार काका गाडी घेऊन गॅरेजवर आले. मागचा डावा कोपरा चेपलेला, त्यावर जांभ्याची लाल खरड. "मेस्त्री, हिचा फोर बाय फोर गेलाय," खाली उतरता उतरताच म्हणाले. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर.

झालं होतं असं. डांबरी रस्त्यावरून त्यांच्या बागेत एक घाटी उतरते. चिरे लावून केलेली वाट, दोन्ही बाजूंना दगडी गडगा, वर आंब्या-काजूची सावली. दोन पावसांतच तिथे शेवाळ धरतं. आदल्या संध्याकाळी बागेतून वर येताना अर्ध्या चढावर मागची चाकं नुसती फिरायला लागली. ब्रेक दाबला तरी गाडी मागे घसरत गेली आणि गडग्याला टेकून थांबली. गडग्याच्या पलीकडे आठ-दहा हात खाली कुणगा, म्हणजे भाताचं शेत आहे. कोणाला काही लागलं नाही.

"नॉब लॉकवर होता. दिवापण लागलेला होता. तरी पुढची चाकं ढिम्म. काडीचा जोर नाही," काका सांगत होते. काकांनी पंधरा वर्षं जिप्सी चालवलेली. चढावर कुठलं चाक ओढतंय आणि कुठलं नुसतं गडगडतंय हे त्यांना बसल्या जागी कळतं. म्हणून त्यांचं म्हणणं मी पहिल्यापासून खरं धरलं.

गाडी २०१० सालची, पेट्रोल, जानेवारीत सेकंड हँड घेतलेली. नाव लिहीत नाही. दोष ती बनवणाऱ्यांचा नव्हता, आणि हीच गोष्ट अशाच दुसऱ्या फुल-टाइम, म्हणजे कायम फोर बाय फोरवर चालणाऱ्या, गाडीतही घडली असती. मधल्या कन्सोलवर गोल नॉब: ४एच (चार चाकं, रोजचे गिअर), ४एच लॉक, ४एल लॉक (चार चाकं, लो गिअर) आणि एन (न्यूट्रल). फक्त दोन चाकांवरचं २एच नाहीच.

त्यावर काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती अगदी सहज. "४एचवर ही चालतच नाही. घेतली तेव्हाच विकणाऱ्याने सांगितलं, हिला लॉकमध्येच ठेवायची, ताकद जास्त येते. मी सहा महिने तशीच चालवतोय."

इथेच मला थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. नॉब, फ्यूज, वायरिंग, ट्रान्सफर केसवरची, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीवरची, छोटी मोटर तपासण्यात दुपार झाली. नॉब फिरवला की मोटर आवाज करत होती, दिवे बरोबर लागत होते, सगळं जागच्या जागी. शेवटी गिअर ऑइल बघायला पोरगा खाली सरकला आणि तिथूनच ओरडला, "दादा, पुढचा शाफ्ट कुठाय?"

ट्रान्सफर केसमधून पुढच्या डिफरन्शियलकडे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्याकडे) जोर नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, गाडीला नव्हताच. नुसती फ्लँज, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडायची चकती, उघडी होती, तिच्या चारही भोकांत लाल माती घट्ट बसलेली. चाकांना दगड लावले, नॉब ४एचवर घेतला, पोराला पहिला गिअर टाकून क्लच हळू सोडायला सांगितलं आणि मी बाजूने, अंतर ठेवून, टॉर्च मारला. गाडी जागची हलली नाही. ती मोकळी फ्लँज मात्र इतक्या वेगाने फिरत होती की भोकं दिसेनात, आणि आत बसलेली माती उडून जमिनीवर तिचा गोल उमटला. इंजिनची सगळी मेहनत तिथे जात होती.

फुल-टाइम आणि पार्ट-टाइम (गरजेपुरतं फोर बाय फोर लावायची) यांत फरक काय, हे काकांना मी त्या फ्लँजवरूनच सांगितलं.

गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठ्या फेऱ्यातून जातात, मागची आतून, लहान फेऱ्यातून. हे किती, ते आकड्यात बघा. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये २.६४ मीटर अंतर धरलं आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळला, तर पुढच्या अ‍ॅक्सलचा मध्य साधारण ५.६५ मीटर त्रिज्येने वळतो. अर्धा फेरा मारून गाडी उलट तोंडाने केली की मागचा भाग १५.७ मीटर चाललेला असतो आणि पुढचा जवळजवळ १७.८ मीटर. फरक दोन मीटरचा. सतरा इंची रिमवरच्या टायरच्या एका फेऱ्यात गाडी सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. म्हणजे एका यू-टर्नमध्ये पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जवळपास एक फेरा जास्त मारावा लागतो.

काकांचा आकड्यांवर विश्वास बसेना. मग त्यांच्यासमोर गॅरेजच्या कोरड्या सिमेंटवर चारही टायर ओले करून एक वळण मारलं आणि उठलेले चट्टे सुतळीने मोजले. पुढच्याची सुतळी मागच्याच्या शेजारी ठेवली तेव्हा हातभर उरली, आणि ते वळण पाव फेऱ्याचंसुद्धा नव्हतं.

आता हा जास्तीचा फेरा कुठून काढायचा? पार्ट-टाइम गाडीत ४एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना घट्ट जखडले जातात. दोन्ही सारखेच फिरणार. चिखलात, ओल्या गवतात, पुळणीवर चाक थोडं घसरतं आणि तो फरक त्या घसरण्यात निघून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग ताण शाफ्टमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणात ब्रेक धरल्यासारखी अडते, टायर कुईकुई करतात, आणि २एचवर येऊ म्हटलं तर लिव्हर निघत नाही. तेव्हा जोर करून लिव्हर ओढू नये. स्टिअरिंग सरळ करून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्यावं, ताण सुटतो, लिव्हर बोटाने निघतो. जिप्सीवाल्यांना हे माहीत असतं. काकाही म्हणाले, "हां, डांबरावर ठेवली की आवळते."

फुल-टाइम गाडीत त्या दोन शाफ्टच्या मधे आणखी एक डिफरन्शियल असतं, सेंटर डिफरन्शियल. ते दोघांना वेगवेगळं फिरू देतं, म्हणून चारही चाकांना जोर देत गाडी डांबरावरही बारा महिने चालते. तिच्यात ४एच ही रोजची जागा. २एच नसणं ही खोट नव्हे.

पण डिफरन्शियलचा एक स्वभाव आहे आणि या प्रकरणाची गोम तिथेच आहे. ते दोन्हीकडे जोर ठरलेल्या प्रमाणात, साधारण सारखाच वाटतं. एका बाजूला अडवणारं काहीच नसेल, चाक हवेत असेल किंवा शेवाळावर भिरभिरत असेल, तर त्या बाजूला लागणारा जोर जवळजवळ शून्य, आणि म्हणून दुसऱ्या बाजूलाही तेवढाच. फुल-टाइम म्हणजे चारही चाकं कायम ओढणार असं धरून चालणं चूक आहे. एक चाक पुरतं मोकळं झालं तर साधं सेंटर डिफरन्शियल असलेली फुल-टाइम गाडी लॉक न करता जागची हलणार नाही. लॉक त्यासाठीच दिलेलं असतं. लॉक केलं की सेंटर डिफरन्शियल बंद होतं आणि गाडी त्या वेळेपुरती पार्ट-टाइमच्या ४एचसारखी वागते, चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी.

काका क्षणभर गप्प बसले आणि मग जे म्हणाले ते माझ्या सगळ्या सांगण्याहून नेमकं होतं. "म्हणजे जोताचं जू. जू मधोमध इसाडाला, नांगराच्या लांब दांड्याला, बांधलेलं असतं ते थोडं फिरतं, म्हणून एक बैल पाऊलभर पुढे गेला तरी चालतं. पण एक बैल सोडून दिला तर जू गरकन फिरेल, दुसऱ्याने कितीही ओढलं तरी नांगर हलायचा नाही."

अगदी हेच. शाफ्ट काढला म्हणजे पुढचा बैल सोडला. म्हणून ४एचवर गाडी हलत नव्हती. लॉक केलं म्हणजे जू इसाडाला आवळून टाकलं, मग एकटा मागचा बैल नांगर ओढायला लागला. डॅशबोर्डवर ४एच लॉक असा दिवा आणि प्रत्यक्षात गाडी फक्त मागच्या दोन चाकांवर. तो दिवा ट्रान्सफर केसच्या आत सरकणारा भाग कुठे आहे एवढंच सांगतो. पुढच्या चाकांपर्यंत जोर पोचतोय की नाही हे त्याला कळत नाही. काका सहा महिने सगळ्यात ताकदीचा मोड समजून साधी रिअर-व्हील ड्राइव्ह चालवत होते, आणि मागे वजन नसलेली रिअर-व्हील ड्राइव्ह शेवाळाच्या चढावर जे करते तेच तिने केलं.

याहून मोठा धोका गाडी उभी असताना होता. शाफ्ट नाही आणि नॉब ४एचवर, अशा गाडीला गिअरमध्ये टाकून उतारावर ठेवलं तर गिअर तिला धरत नाही. मागची चाकं गडगडतात आणि मोकळी फ्लँज उलटी फिरत राहते. ऑटोमॅटिक असेल तर पी टाकूनही तेच. धरतो तो एकटा हँडब्रेक. काकांच्या घरापुढे उतार आहे आणि नातवंडं तिथेच खेळतात. हे सांगताना माझा आवाज चढला, आणि तो विकणाऱ्यावर चढला होता. शाफ्ट काढणं एक वेळ समजू शकतो. तो काढलाय हे न सांगता ताकद जास्त येते असं सांगून गाडी गळ्यात मारणं मला माफ करता येत नाही.

खरं तर सहा महिन्यांत गाडी स्वतःच रोज सांगत होती. काका तिला लॉकमध्ये ठेवून कोरड्या डांबरावर रत्नागिरीला येत होते, बाजारातल्या गल्लीत वळवत होते, आणि ती एकदाही आवळली नाही. त्यांना वाटलं नवीन पद्धतीची गाडी आहे, सुधारणा असेल. पण लॉक केलेली गाडी कोरड्या जमिनीवर आवळलीच पाहिजे. आवळली नाही, तर कुठेतरी पुढचा जोर तुटलाय: शाफ्ट नाही, आतली गिअर गेली आहे किंवा जिप्सीसारखे हाताने फिरवायचे हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे-सोडवणारे) फ्रीवर राहिलेत.

तेव्हापासून जुनी फोर बाय फोर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी हीच चाचणी सांगतो. त्याला ना लिफ्ट लागते, ना स्कॅनर. कोरडी सपाट जागा घ्यायची, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवायचं आणि पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने सात-आठ मीटर जायचं, त्याहून जास्त नाही. फुल-टाइम गाडी ४एचवर मोकळी वळली पाहिजे आणि लॉकवर आवळली पाहिजे. पार्ट-टाइम २एचवर मोकळी, ४एचवर आवळलेली. फुल-टाइम गाडी लॉक न करताच आवळत असेल तर सेंटर डिफरन्शियल अडकलंय. लॉक केल्यावरही मोकळी वळली तर वाकून शाफ्ट बघायचा. मी त्या दिवशी वाकायला दुपार केली.

गाडी कुठल्या जातीची हे नावावरून ठरवू नये. नॉब किंवा लिव्हर वाचावा. जिप्सी १९८५ साली आली ती पार्ट-टाइम आणि शेवटपर्यंत पार्ट-टाइमच राहिली. बोलेरो, थार, जुनी स्कॉर्पिओ फोर बाय फोर आणि पहिली सफारीही पार्ट-टाइमच. मारुतीने विकलेली ग्रँड विटारा एक्सएल-७ पार्ट-टाइम होती, आणि २००७ साली आलेली ग्रँड विटारा फुल-टाइम. नाव जवळपास तेच, आतली रचना वेगळी. फॉर्च्युनरचं तर लोकांच्या समजुतीच्या उलट आहे: २००९ ची पहिली फोर बाय फोर फुल-टाइम, आणि २०१६ नंतरची नवी पार्ट-टाइम. जुन्या फॉर्च्युनरवरून नव्यावर गेलेला माणूस सवयीने पावसात डांबरावर एच४ (तिचं ४एच) लावून निघाला तर पहिल्या तीव्र वळणात त्याला फरक कळतो. मित्सुबिशीच्या सुपर सिलेक्ट पद्धतीत २एचही आहे आणि सेंटर डिफरन्शियलही, म्हणून २एच दिसलं की पार्ट-टाइम हा नियमही डोळे मिटून लावता येत नाही. सीआर-व्ही किंवा डस्टरसारख्या, मागची चाकं क्लचने जोडणाऱ्या गाड्या हे तिसरंच घराणं.

आता शाफ्टचं काय झालं? नवीन शोधायचा म्हणून मी काकांना लांबी-जाडी हाताने दाखवली. ते बघत राहिले. "असा लोखंडी दांडा? दोन्ही टोकांना फुलीसारखं? तो गाडीबरोबरच आलाय. डिकीत गोणपाटात गुंडाळलेला होता, एक्स्ट्रा पार्ट आहे म्हणाला. मी पडवीत आंब्याच्या पेट्यांमागे टाकलाय."

दुसऱ्या दिवशी शाफ्ट आला. गोणपाट सोडलं तेव्हा एका टोकाचा क्रॉस, म्हणजे तो फुलीसारखा सांधा, गंजून एकाच कोनात आखडलेला होता. दुसऱ्या टोकाची वाटी काढली तर आतल्या बेअरिंगच्या सुयांचा लाल भुगा हातावर सांडला, अख्ख्या सुया मोजून चार. ग्रीसचा मागमूस नाही. म्हणजे गोष्ट जुळली. क्रॉस गेला, साठ-सत्तरच्या वेगाला गाडी थरथरायला लागली, आणि कोणीतरी क्रॉस बदलण्याऐवजी शाफ्टच उतरवला. थरथर गेली, गाडी विकली गेली. समुद्राकाठी हे सांधे लवकर जातात. खारी हवा, बारीक रेती आणि चार महिने लाल चिखल. दर पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस मारलं तर टिकतात. ज्यांना ग्रीस भरायचं निपल नसतं त्यांना हाताने हलवून ढिलेपणा बघायचा, एवढंच हातात असतं.

पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल काढलं ते दुधाळ निघालं, चहात दूध जास्त पडल्यासारखं. पाणी गेलेलं होतं. गरम झालेलं डिफरन्शियल मोरीवरच्या वाहत्या पाण्यात बुडलं की एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे हवा जायच्या-यायच्या, नळीतून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नशिबाने बेअरिंग हाताने फिरवताना खरखरत नव्हते. सील बदलले, दोनदा ऑइल भरून काढून टाकलं, तिसऱ्यांदा भरलं ते ठेवलं, आणि ब्रीदरची नळी उंच नेऊन बांधली.

काकांनी मधे एकदा विचारलं, शाफ्ट नाही लावला तर पेट्रोल वाचेल ना? हा प्रश्न बरेच जण विचारतात. अशा गाडीत पुढची चाकं फिरली की त्यांचे शाफ्ट आणि पुढचं डिफरन्शियल फिरतंच, कारण ते सोडवायला जिप्सीसारखे हब नाहीत. वाचतं ते फक्त मधल्या एका दांड्याचं फिरणं. त्यासाठी चार चाकांची गाडी घेऊन दोन चाकांवर चालवणं मला पटत नाही, आणि पार्किंगचा धोका वेगळाच. तसं मी स्पष्ट सांगितलं.

टायरवर मात्र आमचं जुळायला वेळ लागला. मागे दोन नवे, पुढे दोन गुळगुळीत. काकांना वाटत होतं पुढचे अजून एक पावसाळा काढतील. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि झिजलेल्याची २ धरली तर त्रिज्येत ६ मिलिमीटरचा फरक पडतो. दिसायला काही नाही, पण त्या लहान चाकाला किलोमीटरमागे सात फेरे जास्त मारावे लागतात, सरळ रस्त्यावरसुद्धा. सेंटर डिफरन्शियल, ज्याने फक्त वळणात काम करायचं, ते मग घर ते रत्नागिरी अखंड राबत राहतं. लॉक केलं की सरळ चालतानाही ताण चढतो. शेवटी त्यांनी चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे घेतले, आणि स्टेपनीसुद्धा त्याच मापाची ठेवली.

दोन्ही क्रॉस बदलून, शाफ्टचं बॅलन्सिंग करून घेऊन चौथ्या दिवशी तो जागेवर चढवला. पहिली चाचणी काकांनीच करायची असं त्यांनीच ठरवलं. ४एचवर पूर्ण स्टिअरिंग मारून गॅरेजच्या सिमेंटवर वळण घेतलं. गाडी गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा ४एचवर चालली. थांबले, नॉब लॉकवर घेतला, दिवा लागेपर्यंत वाट बघितली आणि पुन्हा तेच वळण. अर्ध्यात टायर कुरकुरले, पुढचा भाग दबला आणि गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी थांबायला आली. त्यांनी काच खाली केली. "आवळली," म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर बरं वाटल्याचं स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घाटीवर गेलो. दुपारी सर येऊन गेलेली, चिरे काळे-हिरवे चकचकीत. उतरताना ४एल लॉक घ्यायला सांगितलं, कारण चार चाकांना जोर मिळाला तरी ब्रेक काही जास्त धरत नाही. निसरड्या उतारावर ब्रेकपेक्षा लो गिअरमधलं इंजिन गाडीला चारही चाकांनी धरून ठेवतं. बागेतून परत वर येताना, जिथे ती घसरली होती तिथे, मागचं एक चाक क्षणभर फिरलं, आणि त्याच वेळी पुढून ओढ लागलेली मला सीटमध्ये जाणवली. गडग्याचे दोन चिरे अजून निखळलेले होते. वर डांबरावर आल्याबरोबर, मी काही बोलायच्या आत, काकांनी नॉब ४एचवर आणला, दिवा जाईपर्यंत थोडं सरळ चालवलं आणि मगच पावसच्या दिशेने वळण घेतलं.